सण शाळेत असू द्या, पावतीपुस्तक दप्तरात नको

दसरा झाला की शाळाशाळांत आनंदमेळाव्याची तयारी सुरू होते. आकाशकंदील, रंगवलेल्या पणत्या, उटण्याची पाकिटे, शुभेच्छापत्रे. इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांत डिसेंबरमध्ये नाताळचा कार्निव्हल असतो, काही ठिकाणी जानेवारीत संक्रांतीचा मेळा. या सगळ्याबरोबर मुलांच्या दप्तरातून कूपनांचे एक पुस्तक घरी येते आणि ‘जमा होणारा निधी शाळेच्या विकासासाठी वापरला जाईल’ असे सांगणारे पत्रक येते. वादही नेमका याच सुमारास पेटतो. शाळेत नाताळ कशाला, असे एक बाजू विचारते. मग कंदील आणि पणत्या तरी कशाला, असे दुसरी विचारते. सगळेच सण बंद करा आणि अभ्यास घ्या, असे सांगणारेही निघतात. चार दिवस हे चालते, सुट्ट्या लागतात, वाद विझतो. कूपनांच्या त्या पुस्तकाबद्दल मात्र तोवर कोणी एक शब्द बोललेले नसते.

मला हा वाद चुकीच्या जागी रंगलेला वाटतो. कुठल्या सणाला शाळेत जागा द्यायची, याची चौकट राज्यघटनेने पुरेशी आखून दिली आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. कंदील करणे ही उपासना नाही आणि नाताळचा तारा टांगणे हीही नाही. त्यापलीकडचा तपशील पालकांनी आणि शिक्षकांनी सामंजस्याने ठरवावा. महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. सणाच्या निमित्ताने शाळा पैसे मागते ते कोणामार्फत, आणि कशासाठी? शाळेने समाजापुढे हात पसरण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. पण ती मागणी मुलाच्या दप्तरातून घरी जाऊ नये. आणि जे पुरवणे सरकारचे कर्तव्य आहे, किंवा ज्याचे पैसे फीमध्ये आधीच घेतले आहेत, त्यासाठी मेळा भरवू नये.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येतो, आणि तो वजनदार आहे. महाराष्ट्रातले शिक्षण लोकवर्गणीवरच उभे राहिले, असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली तेव्हा त्यांच्यामागे ना सरकार होते, ना कोणी धनाढ्य. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. गावोगावच्या बायका दळणाकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढत आणि त्या मुष्टिफंडातून मुले जेवत. महर्षी कर्वे यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि शाळा नसलेल्या खेड्यांसाठी दारोदार फिरून पैसा-आणा जमवला. अंताजी दामोदर काळे यांनी दरडोई एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एवढी परंपरा असताना मेळ्यातल्या वीस रुपयांच्या कूपनावर आक्षेप घेणे म्हणजे वारसा नाकारणे नव्हे का?

ही परंपरा जरा जवळून पाहिली तर उत्तर सापडते. भाऊराव स्वतः फिरले, कर्वे स्वतः फिरले, काळे स्वतः फिरले. मागणारा प्रौढ होता आणि ज्याच्याकडे मागायचे तोही प्रौढ. नाही म्हणण्याची मोकळीक देणाऱ्याला होती आणि नकार पचवण्याची जबाबदारी मागणाऱ्याने स्वतःच्या शिरावर घेतली होती. मुष्टिफंडाची रचना तर विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मूठ प्रत्येकीची, आणि ती पडायची घरातल्या मडक्यात. कोणाची मूठ किती भरलेली होती हे वसतिगृहात जेवणाऱ्या मुलाला कधीही कळत नसे. रयतच्या ‘कमवा व शिका’ योजनेत मुलांनी श्रम केले, पण त्या श्रमांचा मोबदला त्यांच्याच शिक्षणासाठी होता. आजचे कूपनांचे पुस्तक या परंपरेतून आलेले नाही. त्याचे नाते मला गल्लीतल्या त्या वर्गणीशी जास्त जवळचे वाटते, जिथे चार मुले दारात उभी राहतात आणि किती द्यायचे हे तुम्ही ठरवत नसता, शेजाऱ्याच्या पावतीवरचा आकडा ठरवतो.

वर्गात नेमके काय घडते ते पाहू. मंगळवारी प्रत्येक मुलाला दहा कूपनांचे पुस्तक मिळते. शुक्रवारी विचारणा होते: कोणाची दहाच्या दहा खपली? हात वर होतात, टाळ्या वाजतात. मग उरलेल्यांकडे नजर वळते. ज्या मुलाचे वडील सोसायटीत राहतात त्याची कूपने लिफ्टमध्येच संपलेली असतात. ज्याचे वडील त्याच सोसायटीच्या फाटकावर पहारा देतात त्याने कोणाला विकायची? त्याचे वडील दहाही कूपने स्वतःच विकत घेतात, नाहीतर मुलगा आठ कूपने परत आणतो. बाई रागावत नाहीत. बहुतेक शिक्षक समंजसच असतात आणि हे काम त्यांनाही वरून आलेले असते. पण कोणाची ऐपत किती हे वर्गातल्या चाळीस मुलांना एका मिनिटात कळलेले असते. गणवेश सर्वांना सारखा ठेवायचा तो ही दरी झाकण्यासाठी, आणि मग सणाच्या नावाने तीच दरी उघडी करायची, हे कोणत्या शिक्षणशास्त्रात बसते?

‘पण हे ऐच्छिक आहे, तसे पत्रकात लिहिलेलेच आहे,’ असे उत्तर हमखास मिळते. ऐच्छिकपणाची माझ्या मते एकच कसोटी आहे: ज्याने दिले नाही त्याचे नाव वर्गात कळते का? कळत असेल, तर पत्रकावर काहीही छापलेले असो, ती सक्ती आहे. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला पाळला जातो. सैनिकांच्या कुटुंबांसाठी मदत जमवण्याइतका निर्विवाद हेतू दुसरा शोधून सापडणार नाही. तरीही तो निधी जिथे जिथे वर्गावर्गातून गोळा झाला, तिथे ‘तू किती दिलेस’ हा प्रश्न मुलांनी एकमेकांना विचारलाच. शुद्ध हेतूनेही जे टळले नाही, ते शाळेच्या रंगरंगोटीसाठी काढलेल्या कूपनांनी कसे टळेल?

दुसरा आक्षेप मला अधिक आवडतो, कारण तो शिक्षणाच्या बाजूने येतो. मेळाव्यात मुले व्यवहार शिकतात, असे तो सांगतो. माल आणणे, भाव ठरवणे, सुटे पैसे परत देणे, न खपलेल्या मालाचे काय करायचे ते ठरवणे, गिऱ्हाइकाशी नीट बोलणे. हे सगळे खरे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत भरणारा मुलांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी हे पटवून द्यायला नको. मेथीच्या जुड्या मांडून बसलेली चौथीतली मुलगी पंधरा रुपयांना दोन आणि दहाला एक असा हिशेब ज्या सफाईने करते, ती सफाई पुस्तकातल्या उदाहरणांतून येत नाही. पण या बाजारात नफा होतो तो त्या मुलीचा. मेथी तिच्या शेतातली, पैसे तिच्या मुठीत, तोटा झाला तर तोही तिचाच, आणि शिकवण असते ती त्यातच. शाळेसाठी पैसे उभे करणे हा हेतू त्यात शिरला की गणित बदलते.

भेळेचा स्टॉल घ्या. चुरमुरे, फरसाण, कांदे, चिंचेची चटणी हे सगळे आयांनी घरून आणलेले. सकाळी सहाला उठून कांदा चिरलेला. दुपारी त्याच आया वीस रुपयांचे कूपन घेऊन स्वतःच केलेली भेळ आपल्या मुलाला विकत खाऊ घालतात. संध्याकाळी हिशेब लिहिला जातो: भेळ, जमा दोन हजार, खर्च शून्य. हा शून्यच सगळे सांगतो. सामानाचे हजार-बाराशे रुपये आणि पाच बायकांची दिवसभराची मेहनत हिशेबात कुठेच नाही. यात कमाई कसली झाली? पालकांनी आधी सामान दिले, मग श्रम दिले, मग पैसे दिले, आणि शाळेच्या हाती आला त्याचा एक तुकडा. तेच दोन हजार सरळ देणगी म्हणून मागितले असते तर आयांचा दिवस तरी वाचला असता. व्यवहारज्ञानाचे म्हणाल तर खर्च न लिहिता नफा कसा दाखवायचा, एवढेच ज्ञान मुलांना यातून मिळते. शिक्षकांचेही तेच. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला शिक्षणेतर काम देऊ नये. कूपनांचा हिशेब जुळवत बसणे या तीनपैकी कशात बसते?

विशेष मुलांच्या शाळा आणि कार्यशाळा यांचा प्रश्न मी वेगळा ठेवतो. बौद्धिक अक्षमता असलेली मुले तिथे वर्षभर पणत्या रंगवतात, कंदील जोडतात, मेणबत्त्या ओततात, आणि दिवाळीचे प्रदर्शन ही त्यांच्या कामाची बाजारपेठ असते. ते काम हेच त्यांचे शिक्षण आहे आणि पुढे अनेकांचे ते उपजीविकेचे साधनही होते. तिथून पणत्या घ्या, आवर्जून घ्या, भाव न करता घ्या. फक्त मोबदल्यातला वाटा त्या हातांपर्यंत पोहोचतो का, एवढे विचारा. चांगल्या संस्था हे अभिमानाने सांगतात.

तिसरा आक्षेप गरजेचा आहे, आणि त्यापुढे मी क्षणभर थांबतो. मुख्याध्यापक म्हणतात, तत्त्वे सगळी मान्य, पण वीजबिल कोण भरणार? समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यात वीज, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छतेचे साहित्य सगळे बसवायचे. महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये झाले. खासगी अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान वर्षानुवर्षे रखडते. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या अर्धशतकात तो गाठला गेला असता तर पुन्हा लिहावा लागला नसता. अशा वेळी नळ दुरुस्त करायला मेळा भरवणाऱ्या मुख्याध्यापकाला दोष देण्याची माझी हिंमत नाही. मुलांना पाणी हवे आहे आणि ते आज हवे आहे.

पण मग दोष कोणाचा, हे तरी मोठ्याने विचारले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवले तेव्हा त्यांनी दानशूरांना हाक घातली नाही. सरकारी तिजोरी कष्टकरी रयतेच्या घामातून भरते आणि तिच्या मुलांच्या शिक्षणावर मात्र खर्च होत नाही, हा हिशेब त्यांनी आयोगापुढे मांडला आणि स्थानिक उपकराचा किमान अर्धा हिस्सा केवळ प्राथमिक शिक्षणाला द्या, अशी मागणी केली. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढल्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. खर्चाची सबब त्याही वेळी होती. आणि पाचच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. एका छोट्या संस्थानाला जे परवडले ते साम्राज्याला परवडत नव्हते? आज तर सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण अनुच्छेद २१अ प्रमाणे मूलभूत हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी ही त्या कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेली मानके आहेत. हक्काची गोष्ट कूपने विकून मिळवायची सवय लावली, तर मागायची सवय सुटते. पहिल्या वर्षी मेळ्यातून नळ येतो, दुसऱ्या वर्षी रंग येतो, तिसऱ्या वर्षी ‘तुमच्याकडे लोकसहभाग चांगला आहे’ असे सांगून अधिकारी पुढच्या शाळेकडे वळतात.

पुढची शाळा मेळा भरवू शकते का, हा याच्याही पुढचा प्रश्न. दिवाळी म्हणजे लोकांचे हात सैल होण्याचे दिवस, असे म्हटले जाते. ज्यांच्या घरी बोनस येतो त्यांच्यापुरते ते खरे आहे. बीडच्या किंवा पाथर्डीच्या ज्या गावातून मुकादमाची उचल घेऊन माणसे ऊसतोडीला जातात, तिथे दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि निम्मे गाव बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर यांतून कारखान्याच्या वाटेला लागते. वर्गातली मुलेच फडावर गेलेली असतात. तिथल्या शाळेने आकाशकंदील कोणाला विकायचे? शहरातल्या एखाद्या शाळेचा मेळा एका दुपारी जे जमवतो, तेवढे त्या शाळेला कित्येक वर्षे अनुदानातून मिळत नाही. म्हणजे सणावर उभारलेला निधी जिथे आधीच आहे तिथे आणखी भर घालतो आणि जिथे नाही तिथे फिरकत नाही. लोकसहभागाचे गोडवे गाताना हे कोणी बोलत नाही, आणि मला याचाच सर्वांत जास्त त्रास होतो.

खासगी विनाअनुदानित शाळांच्या बाबतीत तर गरजेचाही आधार उरत नाही. महाराष्ट्राने १९८७ मध्येच कॅपिटेशन फीच्या, म्हणजे ठरलेल्या फीवर उकळल्या जाणाऱ्या देणगीच्या, बंदीचा कायदा केला. शिक्षण हक्क कायद्यानेही अधिसूचित फीव्यतिरिक्तची कोणतीही देणगी किंवा वर्गणी कॅपिटेशन फीच्या व्याख्येत घातली आणि प्रवेशाच्या वेळी ती घेतली तर दहापटीपर्यंत दंड ठेवला. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता आवश्यक केली. एवढे सगळे बांध घातल्यावर कार्निव्हलची प्रवेशिका, खेळांची कूपने आणि सोडतीची तिकिटे यांतून येणारा पैसा त्या बांधाबाहेरून वाहतो. त्याला कोणाची मान्यता नसते, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. आणि त्याच वर्गात पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेली मुले बसलेली असतात, ज्यांना फी माफ आहे पण कार्निव्हल माफ नाही.

मग काय सण नुसतेच साजरे करायचे? हो, नुसतेच. शाळेचा मेळा प्रवेशिकेविना असावा, खाऊ सगळ्यांना सारखा असावा, खेळ फुकट असावेत. मुलाने केलेला कंदील त्याने घरी न्यावा. ज्यांना शाळेला द्यायचे आहे अशा पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी, गावकऱ्यांनी कार्यालयात येऊन पावती घेऊन द्यावे. बंद पेटी ठेवायची तर ती मोठ्यांच्या सभेत ठेवावी. पंधरा दिवसांत जमाखर्च फलकावर लागावा, घरून आलेले सामानही त्यात किमतीसह लिहिलेले असावे. आणखी एक सूचना मी आग्रहाने करीन: जमलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा, निम्मा म्हणा, आपल्या शाळा-केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सर्व शाळांसाठी एकत्र ठेवावा आणि पट व गरज पाहून वाटावा. आपल्याच मुलाच्या शाळेला मिळणार नसेल तर लोक देणार नाहीत, असे मला सांगितले जाते. काही देणार नाहीत, हे मी मान्य करतो. पण मुष्टिफंडात मूठ टाकणाऱ्या बहुतेक बायकांची स्वतःची मुले त्या वसतिगृहात नव्हती.

अशाने पैसे कमी जमतील, हा शेवटचा आणि खरा आक्षेप. जमतील कमी. मग उरलेली तूट कागदावर आली पाहिजे, आणि त्यासाठीची जागा कायद्याने करून ठेवली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत कलम २१ प्रमाणे व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. कलम २२ प्रमाणे सरकारी शाळेतल्या समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असावा, असे कायदा म्हणतो. किती शाळांत हा आराखडा पालकांनी वाचलेला असतो? मेळ्याच्या नियोजनासाठी ज्या चार बैठका होतात, त्यातली एक यासाठी द्यावी. गळका नळ, न भरलेले वीजबिल, दार नसलेले मुलींचे स्वच्छतागृह, प्रत्येकापुढे लागणारी रक्कम, असे लिहून ठराव करावा. सह्या कराव्यात, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. त्या पोचपावतीची प्रत मेळ्याच्या दिवशी फाटकाजवळ लावावी, म्हणजे कंदील पाहायला आलेल्या जिल्हा परिषद सदस्यालाही ती वाचता येईल आणि तिथे उभ्या असलेल्या पालकांना त्याबद्दल त्यांना विचारता येईल.